बेटानं पनवेल निवडलं त्याची हकीकत

पाहुणे साडेदहाला येणार होते आणि झेंड्याचा खांब अजून आलेला नव्हता.

फॉर्मवर चौदावा प्रश्न होता, 'झेंडा लावण्यासाठी उंच जागा आहे का?' शेठच्या सांगण्यावरून मी तिथे 'आहे' असं टाइप केलं होतं. जागा होती, म्हणजे गच्ची होती. खांब नव्हता. तळोज्याहून एक लोखंडी पाईप यायचा होता, तो आला नाही. शेवटी आमचे हेडक्लार्क पाटणकरकाका गच्चीवर गेले आणि टीव्हीच्या अँटेनाचा पाईप मोकळा करून आले. पाच मिनिटांत खालचे हार्डवेअरवाले वर आले. अँटेना त्यांची होती आणि टीव्हीवर मॅच चालू होती. शेठ त्यांना म्हणाले, परदेशाचं काम आहे, जरा कळ काढा. ते म्हणाले, मॅचपण परदेशातच आहे.

हा अनुभव लिहावा की नाही याचा मी बराच विचार केला. मी पनवेलच्या कॉलेजात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. सकाळी लेक्चर आणि दुपारी बारापासून दामूशेठच्या ऑफिसात टायपिंग, असं माझं चालतं. टायपिस्टनं परराष्ट्र धोरणावर लिहावं का, हे मला माहीत नाही. पण या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक कागद माझ्या मशीनमधून गेला आहे. म्हणून लिहिते.

आधी आमचं काम सांगते. दामूशेठची पूर्वी मिठागरं होती. जमीन नव्या शहरात गेली, तेव्हा त्यांनी जहाजांवर माणसं पाठवायचं ऑफिस काढलं. आमच्या भाषेत याला मॅनिंग एजंट म्हणतात. जहाजमालकाला खलाशी हवे असतात, आमच्याकडच्या गावांतल्या मुलांना नोकरी हवी असते. आम्ही मध्ये बसून करार करून देतो.

आता जहाजाचा झेंडा. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये नागालँड पासिंगचे ट्रक उभे असतात. त्यांतले बरेचसे ट्रक नागालँडला कधी गेलेले नसतात. तिथे कागद सोपे होतात म्हणून तिथली पासिंग. जहाजांचंही तसंच आहे. मालक एका देशातला, माल दुसऱ्या देशाचा आणि पासिंग तिसऱ्याच, एखाद्या लहानशा देशाची. ज्या देशाची पासिंग, त्याचा झेंडा. आणि जहाजावर काही बिनसलं तर कागद त्या झेंड्याच्या देशाचा लागतो.

आमच्या हिरावहिनींचं सगळं दुखणं या शेवटच्या वाक्यात होतं.

हिरावहिनी आमच्या रोडपालीच्या. त्यांचे यजमान मोरेश्वरदादा आमच्याच ऑफिसातून एका जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेलपाणी करणारा, म्हणून गेले. करार मीच टाइप केला होता. हे पाहुणे यायच्या सात महिने आधी जहाजाचा मालक गायब झाला. जहाज अरबस्तानातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं. त्यावर आमच्या भागातली सहा माणसं होती. बंदरवाले म्हणत होते, झेंड्याच्या देशाचं सहीशिक्क्याचं पत्र आणा, मग माणसं उतरवून घेऊ. तोपर्यंत ती जहाजाची माणसं, आमची नाहीत. मोरेश्वरदादांचं शेवटचं पत्र आलं त्यात लिहिलं होतं की प्यायचं पाणी दिवसाला दोन बाटल्या मिळतं, आणि महिनाअखेरीस जहाज ओढून खोल समुद्रात नेऊन ठेवणार आहेत. तिथे छोटी होडीपण जात नाही.

झेंडा ज्या देशाचा, ते एक बेट होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, ऑफिसात आम्ही त्याला 'बेट' एवढंच म्हणायचो. बेटाचं भारतात ऑफिस नव्हतं. जवळचं म्हणावं असं ऑफिस दोन समुद्र ओलांडून होतं आणि तिथला फोन कुणी उचलत नव्हतं.

हिरावहिनी दर मंगळवारी ऑफिसात यायच्या. बाकावर बसायच्या. त्या सांगायच्या आणि मी इंग्रजीत टाइप करायची. पहिल्या पत्रांत मी कॉलेजात शिकवलेलं सगळं घातलं, विनंती, संदर्भ, आपली विश्वासू. पुढे त्या स्वतःच सांगू लागल्या, "एवढं कशाला? लिव, मानसं तहानेनं मरतान." मी तसं लिहिलं. पत्र बेटाच्या परराष्ट्र खात्याला जायचं. उत्तर कधी आलं नाही.

मग एक दिवस आलं. पण हिरावहिनींना नाही, 'पनवेल येथील जहाज एजंट' यांना. त्यात लिहिलं होतं की बेटाला भारतात एक ऑनररी कॉन्सल नेमायचा आहे, आणि त्यासाठी निवडलेल्या चार गावांत पनवेल आहे, कारण 'आपल्या गावाशी असलेला आमचा पत्रव्यवहार आपल्या देशात सर्वाधिक आहे.'

ऑनररी कॉन्सल म्हणजे काय, हे पाटणकरकाकांनी आम्हाला समजावलं. काका पूर्वी मुंबईत जहाज कंपनीत होते, त्यांना या गोष्टी माहीत आहेत. मोठा देश दुसऱ्या देशात दूतावास उघडतो, म्हणजे बंगला, मोटारी, पगारी माणसं. लहान देशाला ते परवडत नाही. मग तो तिथल्याच एखाद्या माणसाला सांगतो, तू आमचा. पगार नाही. एक पाटी, एक झेंडा आणि एक शिक्का.

"आपलं नाव पार तिकडंवर पोचलंय तं," शेठ म्हणाले. पत्रव्यवहार सर्वाधिक म्हणजे आपली कीर्ती, असं त्यांनी धरलं. तो पत्रव्यवहार कुणाचा होता याचा मला अंदाज आला होता. पण शेठ इतके खूश होते की सांगायचा धीर झाला नाही.

सोबत चाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. मी तीन दुपारी बसून तो भरला. नवव्या प्रश्नावर शेठचं आणि माझं वाजलं. प्रश्न होता, 'आपल्या शहरात इतर देशांची किती कार्यालये आहेत?' शेठ म्हणाले, लिही, बरीच. मी म्हटलं, शेठ, एकही नाही. ते म्हणाले, नवं बंदर आलंय, उद्या येतील, आजच लिहून ठेव. मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही. 'एकही नाही' असं टाइप केलं आणि लाजेनं तो कागद गठ्ठ्यात मधे सरकवला.

आणि मग बेटाचा माणूस खरोखरच पनवेलला यायला निघाला. तो मंगळवार होता. मी लेक्चर बुडवलं.

ऑफिसात पाय ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की शेठनी ही भेट कशी समजून घेतली आहे. खुर्च्या भिंतीला लावून ओळीनं मांडल्या होत्या. मधल्या टेबलावर नवा कपडा. पानाचं तबक. शेठच्या पत्नी, आम्ही त्यांना काकी म्हणतो, त्या मागच्या खोलीत पोहे परतत होत्या. चिरनेरहून शेठचे सासरे आले होते, फेटा बांधून मधल्या खुर्चीत बसले होते. गेल्या मे महिन्यात मला बघायला आले तेव्हा आमच्या घरात अगदी हीच मांडणी होती. फरक एवढाच की पोह्यांचा ट्रे तेव्हा माझ्या हातात होता, आता माझ्या हातात शॉर्टहँडची वही होती.

"शेठ, हा इंटरव्ह्यू आहे," मी हळूच म्हटलं.

"तेच तं. दोनी बाजूंनी बघायचं असतं," ते म्हणाले.

मिस्टर तोमा अकरा वाजता रिक्षातून उतरले. मध्यम वयाचे, घामाघूम, टाय लावलेले. हातात एक बॅग आणि एक पत्र्याची लहान पेटी. बेटाच्या परराष्ट्र खात्यात तीन माणसं आहेत आणि त्यांचा नंबर दुसरा, अशी त्यांनी स्वतःची ओळख करून दिली. तिसरा माणूस टाइप करतो. हे ऐकून मला जरा बरं वाटलं.

इंग्रजी बोलणारी मी आणि काका दोघंच. काकांचं इंग्रजी पत्रातलं, ते समोरच्या माणसाला 'दिस इज विथ रेफरन्स टू' असं सुरू करतात. म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं.

पहिली गोष्ट मी विचारली ती हिरावहिनींची. त्या नेहमीसारख्या बाकावर बसल्या होत्या. मी मिस्टर तोमांना सांगितलं की सहा माणसं अडकली आहेत, तुम्ही स्वतः आला आहात, एक पत्र सही करून द्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पेटी उघडून दाखवली. आत मखमलीत शिक्का होता.

"शिक्का हाच," ते म्हणाले. "पण तो कॉन्सलनं मारायचा असतो. मी कॉन्सल नाही. मी कॉन्सल निवडणारा."

मी म्हटलं, कॉन्सल नेमला जाईपर्यंत तो कुणी मारायचा? ते म्हणाले, कुणीच नाही, म्हणून तर निवडायला आलो. त्यांनी पेटी बंद केली. मी हिरावहिनींना सांगितलं. त्या बाकावरून उठून जवळच्या खुर्चीत येऊन बसल्या. पेटी दिसेल अशी खुर्ची होती.

पोहे आले. मग आमच्या बाजूनं प्रश्न सुरू झाले. मिस्टर तोमांना वाटलं की प्रश्न ते विचारणार आहेत, त्यांनी पेन काढलंही होतं. पण सासऱ्यांनी हात वर केला आणि ते थांबले.

घरात माणसं किती, असं सासऱ्यांनी विचारलं. मी 'लोकसंख्या' असं भाषांतर केलं. मिस्टर तोमांनी आकडा सांगितला. "एवढी तं आमच्या जत्रेला येतान," सासरे म्हणाले. हे मी भाषांतर केलं नाही.

मग शेठनी विचारलं की तुमची ऑफिसं कुठेकुठे आहेत. मिस्टर तोमांनी जे सांगितलं, ते मला तीन वर्षांच्या पुस्तकांत मिळालं नव्हतं. त्यांचे पूर्ण दूतावास फक्त तीन. एक, ज्यांचं राज्य पूर्वी बेटावर होतं त्यांच्या राजधानीत, कारण म्हाताऱ्या लोकांची पेन्शनं अजून तिथूनच येतात. दुसरा शेजारच्या मोठ्या देशात, कारण बेटावर दुखणं वाढलं की माणसाला विमानानं तिकडेच न्यावं लागतं. तिसरा, जिथे सगळे देश सभेला जमतात तिथे. "तिथे आमचं एक टेबल आहे आणि एक मत आहे. मोठ्यांचंही एकच असतं. त्यामुळे लोक आमच्याशी फार गोड बोलतात."

"आनि बाकी देशांचं?" शेठनी विचारलं.

बाकीच्यांचं त्यांनी एका तक्त्यावर ठरवलं होतं. आमची जहाजं तिथे जातात का? आमचे लोक तिथे शिकायला किंवा औषधाला जातात का? त्यांनी आमच्यासाठी काही बांधून दिलं का? आणि ते आमच्या पत्रांना उत्तर देतात का? प्रत्येकाला गुण. हे सांगताना ते नवव्या प्रश्नावर आले आणि त्यांचा चेहरा उजळला. दिल्लीत म्हणे इतके दूतावास आहेत की जेवणाच्या रांगेत बेटाचा नंबर शेवटून दुसरा लागेल, भाताशिवाय काही उरणार नाही. "पण पनवेलमध्ये एकही नाही. इथे आमचा नंबर पहिला. हे उत्तर ज्यानं लिहिलं त्याला आम्ही सगळ्यांत जास्त गुण दिले."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं.

"कुनाशी तुटलंय का?" सासऱ्यांनी विचारलं. बघण्याच्या कार्यक्रमात हा प्रश्न येतोच.

मिस्टर तोमा जरा अवघडले. दोन मोठ्या देशांचं आपसात पटत नाही, असं ते म्हणाले. एकानं आम्हाला धक्का बांधून दिला, तेव्हा आम्ही दुसऱ्याशी संबंध तोडले. मग दुसऱ्यानं शाळा बांधून दिली. मग आम्ही पहिल्याशी तोडले. मग धक्क्याला दुरुस्ती लागली.

"म्हनजे दोनदा मोडलंय," सासरे शेठना म्हणाले.

"तिनदा," काका म्हणाले. त्यांनी मोजलं होतं.

मिस्टर तोमांनी घड्याळ पाहिलं. त्यांनी फॉर्म काढला, शेवटच्या पानावर आले आणि चाळिसावा प्रश्न मोठ्यानं वाचला. बाकीचे मी टाइप केले होते, हा एकच त्यांनी समक्ष विचारायचा होता. 'आपण कॉन्सल होण्यास इच्छुक आहात का?' पुढे दोन चौकोन होते, हो आणि नाही.

मला सगळं नीट आठवतं. शेठना ही पाटी किती हवी होती ते मला माहीत होतं. पेंटरला त्यांनी नमुना काढायला सांगून ठेवलं होतं. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी डोळे मिटले, म्हणजे दम धर. शेठ खुर्चीत मागे रेलून बसले.

"सांग त्यांना, घरच्यांना इचारतो आनि कळवतो."

आमच्याकडे पहिल्या भेटीत हो म्हणत नाहीत. लगेच हो म्हटलं तर समोरच्याला वाटतं, यांच्या मालात खोट आहे, नाहीतर यांना दुसरं कुणी विचारत नाही. मला बघायला आले तेव्हा माझ्या बाबांनीही असंच म्हटलं होतं, आणि त्यांना ते लोक पसंत होते. हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एका माणसाला सोडून.

मी जसंच्या तसं भाषांतर केलं. मी 'हो' म्हणून सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. पण भाषांतर खोटं करायचं नसतं एवढंच मला तेव्हा सुचलं.

किती वेळ लागेल, असं मिस्टर तोमांनी विचारलं. शेठ म्हणाले, घाई कसली, आठ-पंधरा दिस. मिस्टर तोमांचं संध्याकाळचं विमान होतं, उद्या केरळातलं एक बंदर बघायचं होतं. खात्याकडे एकाच दौऱ्याची परवानगी होती. फॉर्मवर तिसरा चौकोन नव्हता. त्यांनी 'नाही'च्या चौकोनात फुली मारली आणि मनापासून हळहळले.

"शेठ, त्यांनी 'नाही' लिहिलं," मी म्हटलं.

"लिवू दे. परत इचारतील."

"ते परत येणार नाहीत, शेठ."

"येतील. ह्याला मी तिनदा परत धाडलेला," सासरे शेठकडे बोट दाखवून म्हणाले, "चौथ्यांदा आला तवा पोर दिली."

मिस्टर तोमांनी फाइल बॅगेत घातली आणि पेटी उचलली. त्या क्षणी हिरावहिनी उठल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण फुली सगळ्यांनाच वाचता येते. त्यांनी मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. महिनाअखेरीला नऊ दिवस होते.

"मंग मी होते," त्या म्हणाल्या. "सांग त्याला. मला कुनाला इचारायचं नाय. ज्याला इचारायचं तो जहाजावर हाय."

मी सांगितलं. मिस्टर तोमांनी त्यांना नाव विचारलं. त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. मिस्टर तोमा त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पेटी परत टेबलावर ठेवली, बॅगेतून दुसरी एक जाड फाइल काढली आणि उघडून आमच्यापुढे धरली. त्यात माझी पत्रं होती. म्हणजे हिरावहिनींची. टॅग लावून, तारीखवार, सगळी.

बेटाला भारतातून फारशी पत्रं येत नाहीत. एक विमा कंपनी, पोस्टाची तिकिटं जमवणारे दोघं आणि पनवेल. दर मंगळवारचं पनवेल. तक्त्यात 'पत्रव्यवहार' या रकान्यात जे गुण होते, ते सगळे यांचे होते. मी विचारलं, मग उत्तर का नाही दिलंत? ते म्हणाले, अशा पत्रांना उत्तर कॉन्सल देतो. तुमच्याकडे कॉन्सल नव्हता.

"यांचे आमच्याशी सात महिन्यांचे संबंध आहेत," ते म्हणाले. "काही देशांशी आमचे एवढेही टिकले नाहीत."

मग त्यांनी कोरा फॉर्म काढला. पंचविशी ओलांडलेली, होय. गावात राहणारी, होय. सरकारी नोकर नाही, पगाराची अपेक्षा नाही. शिक्षण चौथी, तिथे अट नव्हती. काकांना राहवलं नाही. त्यांनी मला विचारायला लावलं की ही बाई स्वतःच्या नवऱ्याच्या कागदावर स्वतः शिक्का मारणार, हे नियमात बसतं का?

मिस्टर तोमांना प्रश्न कळायला वेळ लागला. "आमच्याकडे सगळेच कुणाचे ना कुणाचे नातेवाईक असतात," ते म्हणाले. "असा नियम केला तर एकही कागद पुढे जाणार नाही."

इथे शेठना प्रकरण समजलं. ते उभे राहिले. चेहरा उतरलेला होता आणि मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. त्यांनी सांगितलं, सांग त्याला, आमी नाय म्हटलं नव्हतं, आमच्यात कळवतो म्हणजे होच असतं. मी सांगितलं. मिस्टर तोमांनी नम्रपणे विचारलं, मग ते 'हो' का म्हणाले नाहीत?

याचं उत्तर मला इंग्रजीत देता आलं नाही. मराठीतही आलं नसतं.

हिरावहिनींनी फॉर्मवर देवनागरीत सही केली. काकांनी बंदराला पाठवायच्या पत्राचा मजकूर सांगितला, मी टाइप केला, सहा नावं, सहा पासपोर्ट नंबर. हिरावहिनींनी शिक्का मारला. पहिला उलटा बसला. मी दुसरी प्रत काढली. दुसऱ्यांदा त्यांनी तो इतक्या जोरात मारला की टेबलावरची पोह्यांची बशी खाली पडली. गच्चीवर झेंडा चढवायचा राहूनच गेला, कारण हार्डवेअरवाल्यांनी तोवर पाईप परत नेला होता. मिस्टर तोमांनी घडी घातलेला झेंडा हिरावहिनींच्या हातात दिला, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि रिक्षात बसले.

आम्ही दोघी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर गेलो. फॅक्स तिसऱ्या खेपेला गेला. बंदराकडून चौथ्या दिवशी उलट फॅक्स आला. त्यावर 'माननीय कॉन्सल, पनवेल' असं लिहिलं होतं आणि खाली, माणसं उतरवून घेतली. जहाज ओढून न्यायला तेव्हा पाच दिवस उरले होते. मोरेश्वरदादा आणि बाकीचे पाच जण पुढच्या पंधरवड्यात घरी आले. दादा इतके वाळले होते की मी त्यांना ओळखलं नाही. ते हिरावहिनींना काय म्हणाले ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. शेठ आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी ते म्हणाले की कॉन्सलेटचा पत्ता आपल्याच ऑफिसाचा आहे, तेव्हा पाटी आपल्याच दारावर लागली पाहिजे. हिरावहिनी आल्या की ते "या, कॉन्सलबाई" म्हणायचे. आधी टोचून म्हणायचे, नंतर सवयीनं. कॉन्सलेट मंगळवारी उघडं असायचं, बाकावर. दुसऱ्या जहाजांवरच्या माणसांच्या बायका यायच्या. हिरावहिनी त्यांना विचारायच्या, झेंडा कुठला? बेटाचा असेल तर शिक्का मिळायचा. दुसरा असेल तर चहा मिळायचा.

पाटी मात्र लागली नाही. परदेशाच्या कॉन्सलला आपल्या सरकारची मान्यता लागते. बेटाचा कागद दिल्लीला पोचल्यावर तिथून चौकशीचा आदेश निघाला आणि एक पोलिस शिपाई रोडपालीला आला. त्यानं हिरावहिनींना विचारलं की तुमचे परदेशाशी संबंध आहेत का? त्या म्हणाल्या, हायत तं. त्यानं ते लिहून घेतलं. मग दिल्लीहून एका ओळीचं पत्र आलं, पनवेलच का, याचा खुलासा करावा. काकांनी चार पानी खुलासा तयार केला. तो जायच्या आत बेटावर निवडणूक झाली, नवं सरकार आलं आणि त्यांनी तक्ता बदलला. आता म्हणे पत्रव्यवहाराला गुण नाहीत. मिस्टर तोमांचं आभाराचं पत्र आलं, हातानं लिहिलेलं, आणि शिक्का परत मागवला होता. आम्ही तो रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? हिरावहिनी म्हणाल्या, सरकार.

कॉन्सलेट पाच महिने चाललं.

मोरेश्वरदादा आता पुन्हा जहाजावर गेले आहेत. मीठ, भात, जमीन सगळं गेल्यावर दुसरं काय करणार. पण ते जाण्याआधी हिरावहिनी ऑफिसात आल्या आणि मला करार वाचून दाखवायला सांगितलं. पगाराच्या रकमेपर्यंत मी पोचायच्या आत त्यांनी विचारलं, झेंड्याच्या देशाचं ऑफिस कुठं आहे? मुंबईत, तिसऱ्या मजल्यावर, असं मी पत्ता बघून सांगितलं. त्या दुसऱ्या दिवशी जाऊन बघून आल्या. "हाय," त्या म्हणाल्या. "आत मानूसबी हाय. आता करू दे सही."

तेव्हापासून करार टाइप करताना मी वरती एक ओळ जास्तीची घालते. जहाजाचा झेंडा कुठला, त्या देशाचं जवळचं ऑफिस कुठे, आणि तिथे फोन उचलतात का. शेठ म्हणतात, अशानं लोक घाबरतील. अजून तरी कुणी घाबरलेलं नाही. दोघांनी फक्त जहाज बदलून मागितलं.